शुक्र एकट्याने अदा होत नाही

(युवक-युवतींच्या मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)





मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मूळची मिरजेची, नोकरीनिमित्त पुण्यात राहते. भाषण हा काही माझा प्रांत नाही. संयोजकांनी मला 'आजारपण आणि कृतज्ञता' असा विषय दिला आहे, त्यावर मी माझ्या अनुभवातून बोलणार आहे. माझे वय आज ३७ आहे. तीन वर्षांपूर्वी मला स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. 'स्तन' हा शब्द मी मुद्दाम स्पष्ट उच्चारते आहे. आपल्या घरांत तो उच्चारता येत नाही म्हणून अनेक बायका डॉक्टरकडे उशिरा पोहोचतात. तेव्हा पुढचा अर्धा तास तो तुम्हाला पुन्हा पुन्हा ऐकावा लागेल.

माझे १६ केमो झाले, एक शस्त्रक्रिया झाली आणि १५ दिवस रेडिएशन झाले. आता रोज एक गोळी घेते. ती पाच वर्षे घ्यायची आहे, कदाचित दहा. दर सहा महिन्यांनी तपासणी असते आणि त्या आठवड्यात मला नीट झोप लागत नाही. त्यामुळे 'कॅन्सरवर मात केलेली स्त्री' अशी माझी ओळख करून दिली, तेव्हा मला थोडे अवघडल्यासारखे झाले. मी या आजारासोबत राहणारी बाई आहे, एवढेच.

आता शुक्र. मराठीत आपण कृतज्ञता म्हणतो, घरात शुक्र म्हणतो. निदान झाल्यावर हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला की त्याची मला चीड येऊ लागली. भेटायला आलेले नातेवाईक म्हणायचे, 'शुक्र करो, हात-पाय सलामत आहेत.' 'शुक्र करो, एक लेक झाली आहे.' 'अल्लाह आपल्या लाडक्या बंद्यांचीच परीक्षा घेतो.' ऑफिसमधले म्हणायचे, 'पॉझिटिव्ह राहा.' भाषा वेगळी, अर्थ एकच : रडू नकोस, आम्हाला बघवत नाही.

बोलणाऱ्यांचे मन वाईट नव्हते. पण आजारी माणसाला शुक्र करायला सांगणे म्हणजे त्याच्या तोंडावर हात ठेवणे होते. आपल्या परंपरेत तर असे नाही. हजरत अय्यूब यांचे नाव आपण सब्रसाठी घेतो. त्याच अय्यूबनी आपल्या वेदनेची फिर्याद अल्लाहकडे केली होती, हे आपण सोयीने विसरतो. फिर्याद केल्याने सब्र मोडत नाही आणि रडल्याने शुक्र बाद होत नाही. मग शुक्र म्हणजे काय? मला ते कोणत्या पुस्तकातून कळले नाही. केमोच्या वॉर्डात कळले.

माझे पहिले चार केमो तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने झाले. लाल रंगाचे औषध असते ते. पहिल्या डोसनंतर साधारण पंधरा दिवसांनी उशीवर केस दिसू लागले आणि आठवड्याभरात डोके रिकामे झाले. त्यानंतरचे बारा केमो दर आठवड्याला, गुरुवारी. सकाळी नऊला रक्ताचा रिपोर्ट दाखवायचा, नंबर लागला की खुर्चीत बसायचे, संध्याकाळी घरी. गुरुवार ठरलेला असल्यामुळे तेच तेच चेहरे दिसायचे. आम्ही पाच जणी होतो. सोलापूरच्या आपा, ज्यांनी आयुष्यभर विड्या वळल्या होत्या. चाकणच्या ताई, एका कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला. जुन्नरच्या बाई, निवृत्त शिक्षिका. भोरची वहिनी, वय फक्त २९, पदरात दीड वर्षाचे मूल. आणि मी.

आपांचा आजार हाडांपर्यंत गेलेला होता. डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले होते की उपचार आजार आटोक्यात ठेवण्यासाठी आहेत, पूर्ण बरे करण्यासाठी नाहीत. आमच्यात सर्वांत अवघड परिस्थिती त्यांची. पण वॉर्डात मला रडताना पाहून उठून आल्या त्या आपाच. म्हणाल्या, "रोना है तो रो ले बेटी, पन अकेली नक्को रो." मला 'रडू नकोस' न म्हणणाऱ्या त्या पहिल्याच.

आपांची एक पद्धत होती. सलाईन सुरू झाले की त्या एकेकीला दोन प्रश्न विचारायच्या. पहिला, "इस हफ्ते तेरे को किसने क्या दिया?" आणि दुसरा, "और तूने किसको क्या दिया?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोघम देऊन चालायचे नाही. 'सगळेच करतात हो' म्हटले की आपा म्हणायच्या, नाव सांग. मग आठवावे लागायचे. शेजारच्या काकूंनी तीन दिवस माझ्या लेकीला स्कूलबसमधून उतरवून घेतले. टीममधल्या सहकाऱ्याने माझी रात्रीची सपोर्टची पाळी स्वतःकडे घेतली. रिक्षावाल्या चाचांनी रुग्णालयाच्या दारात उतरवून देऊन फाइल आतपर्यंत पोहोचवली. नावे घेऊ लागले तेव्हा लक्षात आले की आठवड्यात किमान दहा माणसांनी मला उभे ठेवले आहे. माझे दुखणे त्याने कमी झाले नाही. पण 'माझ्यावरच का' या प्रश्नाच्या शेजारी 'माझ्यासाठी कोण कोण' हा दुसरा प्रश्न येऊन बसला.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र मी चक्रावले. मी केमो घेतेय, मी कोणाला काय देणार? आपांचे म्हणणे असे की, नुसते घेत राहिलेला माणूस आतून लाजत जातो, मग चिडतो, मग माणसे टाळतो. त्याला द्यायलाही मिळाले पाहिजे.

म्हणून आम्ही देऊ लागलो. माझ्याकडे लॅपटॉप होता. मी पाचही जणींसाठी एक शीट केली : केमोची तारीख, रक्ताचे आकडे, पुढची तपासणी, कोणते औषध कधी घ्यायचे. बाई सगळ्यांचे रिपोर्ट मोठ्याने वाचून मराठीत समजावून सांगायच्या. सरकारी योजनेची खडान्‌खडा माहिती चाकणच्या ताईंना होती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी तेव्हा रेशनकार्ड लागायचे, योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्य मित्र' बसलेले असतात, मंजुरी मिळेपर्यंत कोणते कागद जवळ ठेवायचे, हे त्यांनी स्वतः खेटे घालून शिकले होते. भोरच्या वहिनीचा अर्ज त्यांनीच मार्गी लावला.

आपा सोलापूरहून यायच्या. येऊन-जाऊन पाचशे किलोमीटरचा प्रवास, तोही हाडे दुखत असताना. बाईंच्या मुलीचा फ्लॅट रुग्णालयाजवळ होता. बुधवारी रात्री आपांचा मुक्काम तिथे होऊ लागला. बाईंच्या मुलीने नमाजसाठी एक धुतलेली चादर वेगळी काढून ठेवली होती, कोणी न सांगता.

मी काय दिले, त्यातली एक गोष्ट सांगते. केस गेल्यावर बाई आणि ताई घराबाहेर पडायला लाजू लागल्या. विग महाग, शिवाय उन्हाळ्यात टोचतो. मी डोक्याला सुती ओढणी बांधायचे. एका गुरुवारी बाई म्हणाल्या, "अगं, हे घसरत कसं नाही? आम्हालाही शिकव." मग त्या वॉर्डात मी चौघींना ओढणी बांधायला शिकवली. आपल्याकडे डोक्यावरच्या कापडावरून किती भांडणे होतात तुम्हाला ठाऊक आहे. तिथे ते फक्त एक मऊ कापड होते, ज्याने चार बायकांना बाजारात जाण्याची हिंमत दिली.

शस्त्रक्रियेनंतर हात खांद्याच्या वर जात नाही. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर हाताला सूज येण्याची भीती राहते. त्यासाठी एक व्यायाम असतो : भिंतीसमोर उभे राहायचे आणि बोटे भिंतीवर वर वर चालवत न्यायची. वहिनी भिंतीवर पेन्सिलने खूण करून रोज फोटो पाठवायची. कोणाची खूण किती वर गेली यावर आमची चढाओढ चाले. फिजिओथेरपिस्टने दहा वेळा सांगून जे झाले नसते, ते त्या पेन्सिलच्या रेघांनी झाले.

आमचा हा गट काही नवा शोध नव्हता. न्यूयॉर्कमध्ये टेरीज लॅसर नावाच्या एका बाईची स्तन काढण्याची शस्त्रक्रिया झाली होती. पुढे कसे जगायचे हे सांगणारे तिला कोणी भेटले नाही. म्हणून १९५२ मध्ये ती स्वतः रुग्णालयांत जाऊन शस्त्रक्रिया झालेल्या इतर स्त्रियांना भेटू लागली. 'रीच टू रिकव्हरी' हे तिच्या कामाचे नाव. हे काम पुढे अनेक देशांत पसरले. ज्या वाटेवरून आपण गेलो तिथे दुसरीला दिवा दाखवायचा, इतकी ती साधी कल्पना आहे.

इथे मी इंजिनिअर म्हणून एक इशारा देते, कारण या विषयात भाबडेपणा फार आहे. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. आजार शरीरात पसरलेल्या स्त्रियांपैकी ज्या आधारगटात जात होत्या, त्या जवळजवळ दुप्पट काळ जगल्या, असे त्यात दिसले होते. अभ्यास ८६ स्त्रियांचा होता. मग मोठ्या अभ्यासांत हे पुन्हा तपासले गेले. २००१ मध्ये पामेला गुडविन आणि सहकाऱ्यांनी २३५ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. मात्र गटातल्या स्त्रियांचा मानसिक त्रास कमी झाला आणि त्यांना वेदनाही कमी जाणवल्या. सुरुवातीलाच जास्त त्रासात असलेल्या स्त्रियांना याचा विशेष फायदा झाला.

याचा अर्थ नीट समजून घ्या. आनंदी राहिल्याने कर्करोग बरा होत नाही आणि दुःखी राहिल्याने तो वाढला असेही नाही. तेव्हा एखादी बाई गेली तर 'तिने हिंमत सोडली' असे कृपा करून म्हणू नका. उपचार करतात औषधे, शस्त्रक्रिया, रेडिएशन. ताविजाने किंवा कोणत्या काढ्याने गाठ विरघळत नाही. माणसांची सोबत वेगळे काम करते. जो काळ हातात आहे तो जगण्यासारखा करते. मला विचाराल तर एवढे पुष्कळ आहे.

आता थोडे कडू बोलते. आपल्या मोहल्ल्यांत हा आजार लपवला जातो. 'छातीचे दुखणे' म्हणतात, 'बायकांचा आजार' म्हणतात, नाव घेत नाहीत. माझे निदान झाले तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीसाठी स्थळे पाहणे चालू होते. घरातल्या मोठ्यांचे मत पडले की बातमी बाहेर जाऊ देऊ नये, रिश्ता मोडेल. एका घरी तर माझ्यासाठी चहाचा कप वेगळा ठेवला गेला. हा आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाही, एवढे साधे ज्ञानही पोहोचलेले नाही.

लपवण्याचा हिशेब एकदा मांडून पाहू. स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिक म्हणता येतील अशा केसेस साधारण ५ ते १० टक्के असतात. म्हणजे बहुतेक घरांत बहिणीच्या लग्नाशी त्याचा काही संबंध नाही. आणि ज्या थोड्या घरांत आजार खरोखर आनुवंशिक आहे, तिथे बहिणी, आत्या, मावश्या, मुली यांना ते कळलेच पाहिजे, नाहीतर त्या वेळेवर तपासणी कशी करणार? हा दोष वडिलांकडूनही येऊ शकतो, म्हणून फुफीचा आजारही मोजायचा. दोन्ही बाजूंनी पाहिले तरी लपवण्यात फायदा कोणाचाच नाही.

आमच्या घरी निर्णय अम्मीने घेतला. ती सातवी शिकलेली आहे. माझ्या जनुकीय चाचणीचा रिपोर्ट यायच्या आधीच तिने मोहल्ल्यातल्या बायकांना घरी बोलावले आणि सांगितले, 'माझ्या मुलीला स्तनाचा कॅन्सर आहे, तिने गाठ लागताच दाखवले, तुम्हीही दाखवा.' पुढच्या महिन्यात तिच्यासोबत तीन बायका तपासणीला गेल्या. दोघींना काही नव्हते. तिसरीचा आजार अगदी सुरुवातीला सापडला. ती आज बरी आहे आणि बहिणीचे लग्नही झाले. अम्मीने शुक्र हा शब्द तेव्हा उच्चारला नव्हता. पण मला विचाराल तर तो शुक्रच होता. कुरआनात दाऊद यांच्या घराण्याला शुक्र आपल्या कृतीतून अदा करायला सांगितले आहे. आणि माणसांचे आभार न मानता अल्लाहचे आभार पुरे होत नाहीत, या अर्थाची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की मला आपांचे दोन प्रश्नच ऐकू येतात.

आकडे सांगितल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. भारतीय स्त्रियांना हा आजार पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत साधारण दहा वर्षे आधी गाठतो. पण आशा वाटावी असेही काही आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. निम्म्या स्त्रियांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केली. ना मोठे यंत्र, ना मॅमोग्राफी, फक्त शिकलेल्या हातांनी दर दोन वर्षांनी केलेली तपासणी. त्यामुळे आजार लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मृत्यूंच्या बाबतीत तसा ठोस फरक दिसला नाही. म्हणजे हा निष्कर्ष आधी कोणासाठी आहे? तुमच्या अम्मीसाठी, खालासाठी, फुफीसाठी, दादीसाठी. त्या स्वतःहून जाणार नाहीत. त्यांना तुम्ही न्यायचे आहे.

काय पाहायचे तेही सांगते. स्तनात किंवा काखेत गाठ, त्वचेला खळी पडणे, बोंड आत ओढले जाणे, बोंडातून रक्त किंवा स्राव येणे, आकारात बदल. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, आणि 'दुखत नाही म्हणजे काही नाही' असे समजून बायका थांबतात. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ते ठरवायचे तपासणीने, अंदाजाने नाही. आणि मुलांनो, तुम्ही हसू नका. पुरुषांनाही हा आजार होतो, क्वचित होतो, पण होतो.

आपल्या ओळखीत कोणी आजारी पडले तर काय करायचे? 'काही लागले तर सांग' असे म्हणू नका. आजारी माणूस कधीच सांगत नाही. त्यापेक्षा 'मंगळवारी दुपारचा डबा मी आणतो' असे सांगा. दिवस सांगा, काम सांगा. माझ्या भावाने गुरुवार घेतला होता. बारा गुरुवार तो मिरजेहून आदल्या रात्री येत होता. माझ्या नवऱ्याने स्वयंपाकघर घेतले. पहिल्या महिन्यात त्याची खिचडी पेजेसारखी व्हायची, आणि तोंड आलेले असताना मला तीच गिळता यायची. बाई आजारी पडली की घरचे पुरुष पैसे उभे करतात, पण भांडी तिचीच वाट पाहत राहतात. तिथूनही सुरुवात करता येईल.

आपा गेल्या त्याला आता दीड वर्ष झाले. शेवटच्या दोन महिन्यांत त्या अंथरुणावरून उठू शकत नव्हत्या. औषधांनी बोटांना मुंग्या येतात, त्यामुळे फोनही नातू धरून ठेवायचा. तरी गुरुवारी आम्ही फोन केला की त्या दोन प्रश्न विचारायच्या. मीही एकदा उलट विचारले, "आपा, तुम्ही या आठवड्यात कोणाला काय दिलं?" म्हणाल्या, बार्शीच्या एका नव्या बाईला पहिल्या केमोची भीती वाटत होती, तिचे अर्धा तास ऐकून घेतले. आमच्या शीटमध्ये 'दिले' या रकान्यात ते नोंदवलेले आहे. आपांच्या नावापुढची ती शेवटची नोंद.

त्या गेल्या तेव्हा मला शुक्र वगैरे काही वाटले नाही. राग आला, आणि तो बरेच दिवस राहिला. आजही तपासणीच्या आठवड्यात तो परत येतो. पण गट चालू आहे. आम्ही उरलेल्या चौघी, त्यात बार्शीच्या त्या बाई आल्या, मग आणखी आल्या. आता अकरा आहोत. आपांनी मला जे दिले ते त्यांना परत करणे शक्य नाही. ते पुढच्या खुर्चीत बसलेल्या बाईला द्यावे लागते.

शेवटी तुमच्याकडे मी तीनच गोष्टी मागते. एक, येत्या महिन्यात घरातल्या एका तरी मोठ्या बाईला तपासणीसाठी घेऊन जा. दोन, मोहल्ल्यात कोणाला हा आजार असेल तर त्याचे नाव घेऊन बोला, लपवायला मदत करू नका. तीन, ज्यांनी तुम्हाला उभे ठेवले त्यांची यादी करा, आणि तिच्याशेजारी दुसरा रकाना आखा. तो रिकामा दिसला तर जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या केमो विभागाबाहेर सकाळी नऊला जाऊन उभे राहा. तिथे कोणाला तरी फाइल वाचून हवी असते.

तुम्ही इतका वेळ शांतपणे ऐकले, माझे आजचे 'घेतले' तुमच्या नावावर.